वर्षाच्या आतला पंप

थोरला लेक केतन गेला तेव्हापासून हौसाने घरात एकही नवीन वस्तू येऊ दिली नव्हती. रिवाज तसा करंजाड्याच्या जुन्या गावठाणात सगळ्यांचाच. घरातलं माणूस गेलं की वर्ष फिरेपर्यंत नवं लुगडं नाही, नवं भांडं नाही, दाराला तोरण नाही. पण हल्ली लोक त्यातून पळवाटा काढतात. पोरांना बूट आणतात, मोबाइल आणतात, आणि कोणी विचारलं तर म्हणतात, "त्यात काय मोठंसं?" हौसा वाकली नाही. केरसुणीचा बुडखा उरला तरी ती त्याच बुडख्याने केर काढत राहिली. कुकरची रिंग सैल झाली तेव्हा तिने सुनेला, केतनच्या बायकोला, निशाला सांगितलं की डाळ पातेल्यात शिजव. निशा डोंबिवलीची. तिच्या माहेरी हे इतकं कडक नव्हतं. पण तिने पातेलं चढवलं. त्या घरात कोणी फारसं बोलतच नव्हतं.

हौसाला रडू आलं नव्हतं. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, पितरपाटात थोरल्या लेकाच्या नावानं पान वाढलं तेव्हाही नाही. बाया येऊन गळ्यात पडायच्या, आणि हीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, जणू त्यांचंच कोणी गेलंय. हौसा दगड झाली, असं गावात म्हणायचे. तिला स्वतःला तसंही वाटत नव्हतं. तिला काहीच वाटत नव्हतं.

केतनची लाल टर्बो गाडी जुन्या गोठ्यात उभी होती. गोठा हौसाच्या नवऱ्याच्या, काशिरामच्या, शर्यतीच्या बैलांचा. करंजाड्याला तेव्हा सेक्टर नव्हते. भाताची खाचरं होती आणि बांधाबांधावरून पनवेलच्या बाजाराला जायची वाट होती. शर्यतीच्या दिवशी काशिराम पहाटे उठून बैलांना न्हाऊ घालायचा, त्यांना अंडी पाजायचा आणि स्वतः उपाशी निघायचा. पुढे नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, बदल्यात भूखंड आला, भूखंडावर इमारत उभी राहिली, आणि चरायला जागा उरली नाही म्हणून बैल विकले. बैल टेम्पोत चढवले त्या दिवशी केतन, शाळेत जायचा तेव्हा, टेम्पोमागे मोठ्या रस्त्यापर्यंत पळत गेला होता. काशिराम वारल्यावर त्याच गोठ्यात केतनने आधी मोपेड बांधली, मग बुलेट, मग ही गाडी. 'बांधली' हा हौसाचा शब्द. केतन हसायचा, पण त्यालाही तो आवडायचा.

गाडीचं इंजिन त्याने स्वतः खोलून, स्वतः भरलं होतं. गोठ्यात चटई टाकून महिनोन्महिने त्याचं तेच चाललेलं. हौसा चहा घेऊन जायची तर म्हणायचा, "आये, इकडं पाय नको टाकू, सगळे नट ओळीनं मांडलेत." गाडी पेट्रोलवर नव्हे तर इथेनॉलवर, उसाच्या मळीपासून करतात त्या इंधनावर, पळवायची हे त्याचं मोठं वेड होतं. तेवढं राहिलं आणि त्याच्या डोक्यातली नस फुटली.

आता रोज सकाळी धाकटा हृतिक गाडी चालू करायचा. नाहीतर बॅटरी मरेल म्हणायचा. हौसा ओट्यापाशी भाकरी थापत असायची. गोठ्यातून इंजिन खाकरायचं, घुमायचं, थोड्या वेळाने गप्प व्हायचं. दिवसातून तेवढाच वेळ तिला काहीतरी नीट ऐकू यायचं. बाकी सगळं बोलणं शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखं कानावरून जायचं.

वर्ष फिरायला अजून अवकाश होता, तेव्हा एका सकाळी हृतिक गोठ्यातून थेट ओट्यापाशी आला.

"आये, गाडी परेशकडं नेतो. पुण्याकडं एका धावपट्टीवर शर्यत हाय. दादाच्या नावानं पळवतो, इथेनॉलवर."

"तो म्हणायचा तशी?"

"तशीच. सगळं त्यानंच बसवलेलं हाय. परेशनं फक्त लॅपटॉपवर हिशोब जुळवून द्यायचा."

"मी पन येते."

"तू? तिथं बसायला धड खुर्ची नाय."

"तुझ्या बापाच्या शर्यतीला काय सोफे मांडलेले?"

हृतिक हसला. किती तरी दिवसांनी हसला. हौसाने ते पाहिलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

परेशचं गॅरेज तळोज्याच्या रस्त्याला. वाऱ्यावर कारखान्यांचा आंबूस वास येतो, तो गॅरेजातल्या ऑइलच्या वासात मिसळून जातो. परेश पनवेलचाच, केतनचा पॉलिटेक्निकपासूनचा मित्र. त्याने जमिनीत रोलर बसवून घेतलेले आहेत. गाडीची चाकं त्यावर ठेवायची, गाडी चहूबाजूंनी पट्ट्यांनी जखडायची आणि जागच्या जागी पळवायची. किती ताकद निघाली ते पडद्यावर उमटतं. त्याला ते डायनो म्हणतात. हौसाला पट्ट्यांनी जखडलेली गाडी बघून बरं वाटलं नाही, पण वाईट म्हणावं असंही काही वाटलं नाही. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

"काकी, नीट बसा. हिचा आवाज मोठा येतो," परेश म्हणाला.

"रोज ऐकते."

"हा तसला नाही. हा पोटातून येतो."

हृतिकने कॅनमधून आणलेलं इथेनॉल टाकीत ओतलं. परेश गाडीत बसला आणि त्याने गियर वाढवत नेला. आवाज चढत गेला, पत्रा थरथरला, भिंतीवरचं कॅलेंडर हललं. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक वर चढत होती. दुसरी आडवी, सरळ चालली होती आणि शेवटी शेवटी ती वाकली, उतरायला लागली. परेशने ताबडतोब पाय काढला.

हौसाला इस्पितळातला पडदा आठवला. तिथे रेघ वाकत होती तोवर डॉक्टर ठीक आहे म्हणत होते. इथे वाकली तर सगळ्यांचे चेहरे उतरले.

"काय झालं?" तिने विचारलं.

परेश हात पुसत आला. "ही आडवी रेघ इंधनाच्या दाबाची. काकी, जिथं पेट्रोल दोन पेले लागतं ना, तिथं इथेनॉल तीन पेले लागतं. पितं जास्त, पण इंजिन थंड ठेवतं. म्हणून टर्बोनं हवा जास्त कोंबता येते आणि ताकद वाढते. केतनने इंजेक्टर मोठे बसवले, म्हणजे इंधन फवारायची तोंडं मोठी केली. पण टाकीतला पंप राहिला बदलायचा. तो मूळचा, पेट्रोलपुरता. वर जोर लावला की त्याचा दम संपतो."

"मग?"

"मग इंजिनात हवा भरपूर आणि इंधन कमी. त्यात आतली उष्णता इतकी वाढते की पिस्टन वितळतो. म्हणून मी पाय काढला."

हौसाला ते समजलं. त्यांच्या इमारतीत खालच्या भाडेकरूंनी सगळे नळ सोडले की त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर धार बारीक होते, तसं. फक्त तिथे नुसती आंघोळ राहते.

"नवीन पंप टाकला की काम झालं," हृतिक म्हणाला आणि आईकडे बघून थांबला.

"वरीस झालं नाय," हौसा म्हणाली.

"आये, एवढी वस्तू. गाडीच्या पोटात जानार. घरात पन नाय येनार."

"गाडी घरची हाय का नाय?"

"हाय."

"मग?"

परेशने मध्ये तोंड घातलं. "काकी, नाहीतर मी ताकद कमी करून देतो. आहे त्या पंपाला झेपेल एवढीच. गाडी सुखरूप राहील."

"मग दादाचा आकडा येनार नाय," हृतिक म्हणाला. "या भिंतीवर दादानंच खडूनं लिवलाय, एवढी ताकद काढायची म्हनून. त्याच्या खाली काय आलं तर पळवून काय करू?"

परेशने पडदा बंद केला. मग हृतिकच म्हणाला, "जुना चालंल? दुसऱ्या कुठल्या गाडीतला काढलेला? तो काय नवीन नाय."

हौसाने विचार केला. काशिराम गेला त्या वर्षी तिचं लुगडं फाटलं तेव्हा बहिणीने आपलं वापरलेलं आणून दिलं होतं. ते तिने नेसलं होतं. वापरलेल्याला दोष नाही, असं तिची सासू म्हणाली होती.

"जुना असंल तर आन."

"काकी, ऐका माझं," परेश म्हणाला. "भंगारातल्या पंपाचा भरवसा नसतो. कुठं पडून होता, आत काय साचलंय, कोणाला माहीत? निदान पुढचा फिल्टर तरी नवीन टाकू. वीतभर वस्तू."

"वीतभर काय नि हातभर काय. नवीन ते नवीन. हाय तोच धुवून लाव."

"केतन असता तर माझ्या कानाखाली काढली असती."

"तो नाय ना," हौसा म्हणाली.

तिने ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं की परेश मान खाली घालून पट्ट्या सोडायला लागला.

संध्याकाळी थोरली जाऊ भामा वर येऊन बसली. गावठाणात गोष्ट कळायला वेळ लागत नाही. "बरं केलंस गो हौसे," ती म्हणाली. "आजकाल कोन पालतं एवढं? आमच्या सुनंनं तिचा बाप जाऊन महिना नाय झाला तर मिक्सर आनला. मी बोलले तर म्हनते, आत्या, ऑफर होती." भामाने तोंडाला पदर लावला. "मेल्या मानसाला काय ऑफर माहिती?"

निशा चहाचे कप उचलत होती. तिच्या हातातला एक कप बशीवर जरा जोरात आपटला. भामाने तिच्याकडे पाहिलं, हौसाने नाही.

पंप भंगारवाल्याकडून आला, कुठल्या तरी अपघात झालेल्या मोठ्या गाडीतला. परेशने तो पुसला, तपासला, बादलीतलं इथेनॉल ओढून बघितलं. पाणी मारणाऱ्या मोटारीसारखा सूं करून चालला. "चालतोय तर खरा," तो म्हणाला, पण त्याचं तोंड कडूच होतं. फिल्टर त्याने उलटा करून हवा मारली आणि पुन्हा लावला.

हौसा त्याच खुर्चीवर बसली होती. पहिल्या खेपेला आवाज चढला, पत्रा थरथरला, आणि आडवी रेघ शेवटपर्यंत आडवीच राहिली. हृतिकने परेशच्या पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की परेश खोकला.

"बोललो ना!"

"थांब रे. अजून थोडं द्यायचंय."

दुसऱ्या खेपेलाही रेघ हलली नाही. ताकदीचा आकडा भिंतीवरच्या खडूच्या आकड्याच्या अगदी जवळ आला. आजूबाजूच्या गॅरेजातली दोन-चार माणसं दारात येऊन उभी राहिली. कोणी तरी मोबाइल धरला. हृतिक आईच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आये, आता बघ. आता होनार."

तिसऱ्या खेपेला आवाज आधीसारखाच चढला. रेघ सरळ होती. आकडा पुढे गेला, कोणी तरी शिट्टी मारली, आणि त्याच क्षणी आतून खडे भरलेला डबा हलवावा तसा आवाज आला. परेशने पाय काढला. संगणकानेही इंजिन बंद केलं. चाकं फिरत फिरत थांबली आणि पाठीमागून निळसर धूर निघाला.

दारातली माणसं एकेक करून निघून गेली. मोबाइल धरलेल्याने तो खिशात घातला.

परेश बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग उतरला. "दाब बरोबर होता," तो स्वतःशीच म्हणाला. "दाब शेवटपर्यंत बरोबर होता."

इंजिन खोललं तेव्हा कळलं. परेशने दोघांना बोलावून घेतलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र टाकून त्याने एक इंजेक्टर आणि एक पिस्टन ठेवला होता. "इथेनॉल नुसतं जळत नाही, धुतंही," तो म्हणाला. "जुन्या पंपात पेट्रोलचा चिकटा वाळून बसला होता. इथेनॉलने तो सोडवला. फिल्टर जुना, फाटका, त्याने पुढे जाऊ दिला. जाऊन या चौथ्या इंजेक्टरच्या तोंडात बसला. तीन भावांना पोटभर मिळत होतं, चौथा उपाशी. आणि माझा सेन्सर चौघांची सरासरी सांगतो. मला सगळं छान दिसत होतं." त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. "मी नाही म्हणायला पाहिजे होतं. केतनच्या गाडीला मी तरी नाही म्हणायला पाहिजे होतं."

हृतिक भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तो तिथेच टायरच्या ढिगावर बसला आणि रडायला लागला. स्मशानात त्याने सगळं नीट केलं होतं, मडकं फोडलं होतं, लोकांना पाणी दिलं होतं. आता लहान पोरासारखा हुंदके देत होता. "दादानं भरलेलं इंजिन," एवढंच म्हणत होता, "दादानं हातानं भरलेलं."

हौसाने पिस्टन उचलला. तिला वाटलं होतं जड असेल. हलका होता, जर्मनच्या वाटीसारखा. एका बाजूची कडा गुळाचा खडा तव्यावर ठेवावा तशी ओघळलेली होती. तिने त्या कडेवरून अंगठा फिरवला. कडा गुळगुळीत होती. लेकाच्या हातचं काहीतरी आपल्या हातात आहे, आणि ते आपण बिघडवलं आहे, हे तिला कळत होतं. कळत होतं, पण लागत नव्हतं. ती लागायची वाट बघत उभी राहिली. मग तिने पिस्टन कागदावर ठेवला आणि हृतिकच्या डोक्यावर हात ठेवला.

"चल. निशा जेवायची थांबली असंल."

"सगळं नवीन लागेल," परेश मागून म्हणाला. "पिस्टन, पंप, फिल्टर. घाई नाही काकी. वर्ष होऊ दे, मग बघू."

शर्यत होऊन गेली. त्यांच्यापैकी कोणी तिचं नाव काढलं नाही.

सकाळी हौसा ओट्यापाशी उभी राहायची, भाकरी थापायची. गोठ्यातून आवाज यायचा नाही. पहिल्या दिवशी तिला वाटलं हृतिक उठला नाही. मग आठवलं. दुसऱ्या दिवशी ती थापता थापता थांबली आणि भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली, पिठाच्या हातांनी तशीच उभी. निशाने येऊन गॅस बारीक केला. असं बऱ्याच सकाळी झालं. काही आत येऊ दिलं नाही म्हणजे काही बाहेर जाणार नाही, असं हौसाने मनात कुठेतरी धरून ठेवलं होतं. ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आणि केतनचा म्हणून उरलेला तो आवाज गेलाच होता, तोही तिने रिवाज धरून ठेवला म्हणूनच.

एके दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "हृतिक, पंप मागव."

त्याने कप खाली ठेवला. "कसला?"

"नवीन. फिल्टर पन. परेश सांगंल ते सगलं."

"आये, वरीस—"

"वरीस व्हायचं तेव्हा होईल."

हृतिकने वहिनीकडे पाहिलं. निशा भांडी घासत होती. तिचा हात थांबला होता, नळ चालूच होता.

खोका दुपारी आला. आणणाऱ्याने खालूनच हाक मारली. हौसा खाली उतरली, तर भामा पायरीवर बसून वाल सोलत होती.

"काय गो आलं?"

"पंप."

"जुना?"

"नवीन."

भामाचा हात सुपात तसाच राहिला. "हौसे, वरसाच्या आत? एवढे महिने पालून आता? लोक काय म्हनतील? आनि केतनला—"

"जुन्यानं त्याचं इंजिन खाल्लं," हौसा म्हणाली. "मीच आनायला लावलेला."

भामा वालाकडे बघत म्हणाली, "तुझं तू बघ बाय." थोड्या वेळाने, हौसा जिना चढायला लागली तेव्हा, मागून तिचाच आवाज आला, "सांबालून ने. पडायचा हातातनं."

वर येऊन हौसाने निशाला कात्री आणायला सांगितली. दोघी जमिनीवर बसल्या. टेप कापली, आतला कागद काढला, आणि पंप बाहेर आला. चकचकीत, मक्याच्या कणसाएवढा.

"एवढाच?" हौसा म्हणाली.

"एवढाच असतो आई." निशाने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. त्यावरचा छापलेला नंबर तिने वाचला, पुन्हा वाचला. "हाच तो. केतन फोनवर दाखवायचा मला. हाच मागवणार होता." मग तिने सासूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आई, त्यानंच ठरवलेला होता ना, मग हा काही अगदी नवीन नाही. भामाकाकूंना आपण तसंच सांगू. आधीच ठरलेला होता म्हणून."

हौसाने मान हलवली.

"नाय," ती म्हणाली. "नवीन हाय. कोनी विचारलं तर नवीनच म्हन."

 निशाने मान डोलावली, कागदाचे तुकडे गोळा केले आणि केरात टाकायला उठली. हौसाने पंप खोक्यात घातला आणि खोका दाराजवळ ठेवला, हृतिक आला की लगेच परेशकडे घेऊन जाता यावा म्हणून. मग ती ओट्यापाशी गेली आणि संध्याकाळची भाजी निवडायला घेतली.